गिधाडे कुठे गेली?

अजिंठ्याची लेणी पाहायला तुम्ही कधी ना कधी आला असाल. जळगावकडून आलात तर घाट चढण्याआधी, आणि तेव्हाच्या औरंगाबादकडून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडून आलात तर घाट उतरल्यावर फर्दापूर लागते. टी पॉइंटवर गाडी सोडायची, तिथून बसने लेण्यांपर्यंत जायचे, हा शिरस्ता तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेकांच्या लेखी फर्दापूर म्हणजे वाहनतळ, चहा आणि रंगीत दगड विकणारी पोरे. जरा जास्त थांबणाऱ्याला औरंगजेबाच्या काळातली सराई दिसते. मी याच गावचा. माझा थोरला भाऊ त्या दगड विकणाऱ्यांपैकीच एक.

पण आज मी लेण्यांबद्दल बोलणार नाही. पाहुण्यांना आम्ही कधीच दाखवत नाही अशा एका जागेबद्दल बोलणार आहे. प्रत्येक गावाला ती असते. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, मेलेली ढोरे टाकायची जागा. लोक नाकाला पदर लावून तिथून पुढे जातात. मी मात्र माझ्या शिक्षणाची बरीच वर्षे त्या जागेवर घालवली. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा विषय होता, मेलेले जनावर कोण खाते, आणि खाणारा नाहीसा झाला तर काय होते?

सुरुवात सांगायची तर आमच्या ढवळ्यापासून करावी लागेल. मी चौथीत होतो, म्हणजे साल १९९६. आमच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी आणि ज्वारी. ढवळ्या आणि त्याचा जोडीदार एवढीच काय ती दौलत. पेरणीच्या तोंडावर ढवळ्याचा मागचा पाय सुजला. वडिलांनी उसनवारी करून दोन दिवस इंजेक्शने दिली. दुसऱ्या इंजेक्शननंतर तो उठून बसला, थोडा चाराही खाल्ला. आईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे तो मेला.

त्याला ओढून नेला तेव्हा मी मागे मागे गेलो. वडिलांनी दोनदा हाकलले, तरी गेलो. ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली उभा राहून मी पाहत होतो. आधी कावळे आले. मग आभाळात एक ठिपका दिसला, मग दुसरा, आणि बघता बघता अजिंठ्याच्या डोंगराकडून ठिपक्यांची रांगच लागली. गिधाडे उतरली ती धावत, पंख अर्धे उघडे ठेवून. त्यांचे फिस्कारणे, एकमेकांच्या पाठीवर चढणे, सगळे मला अजून ऐकू येते. मी रडत घरी आलो. संध्याकाळी पुन्हा गेलो तर ढवळ्याच्या जागी फासळ्यांचा पिंजरा होता. घाण नाही, वास नाही. आजी म्हणाली, ‘रडू नको रे. त्यांनी त्याला सोडवलं. नाहीतर किडे पडले असते.’

त्यानंतर गिधाडांचा एवढा थवा मी गावात पाहिला नाही. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही. पाहुणा यायचा थांबला की आठवडाभरात कळते. गिधाडाची वाट कोण पाहतो?

बारावीनंतर घरच्यांचे म्हणणे होते की डी.एड. कर, मास्तर हो. मी बी.एस्सी. केले आणि मग एम.एस्सी.साठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात गेलो. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा बरोबरचे मित्र मासे, रेशीमकिडे असे सोयीचे विषय घेत होते. मी सरांना म्हणालो, ‘आमच्या डोंगरात पूर्वी गिधाडे होती. कड्यांवर पांढरे ओघळ अजून दिसतात. मला त्यांच्यावर काम करायचे आहे.’ सरांनी विचारले, ‘ते ओघळ गिधाडांचेच कशावरून?’ मला उत्तर देता आले नाही. कड्यावर ससाणा बसतो, घुबड बसते, पारवे तर हजारोंनी असतात. विष्ठेचे ओघळ सगळ्यांचेच पांढरे. सर म्हणाले, ‘दिसत नाही आणि नाही, यांत फरक आहे. आधी हा फरक शिक, मग विषय दे.’

माझे खरे शिक्षण त्या वाक्यापासून सुरू झाले. एखादा पक्षी आहे हे सिद्ध करायला एक फोटो पुरतो. तो नाही हे सिद्ध करायला त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा जावे लागते आणि प्रत्येक वेळी ‘शून्य’ असे वहीत लिहावे लागते. शून्य लिहायलाही शिस्त लागते.

याच शून्याची एक मोठी गोष्ट मला ग्रंथालयात सापडली. राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या होत्या. नव्वदीच्या दशकात ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा निम्म्याही उरल्या नव्हत्या, आणि पुढे काही वर्षांत ती वसाहत रिकामी झाली. पक्षी माना खाली टाकून दिवसेंदिवस फांदीवर बसत आणि मग पडत. जुनी मोजणी हाताशी होती म्हणून ही घसरण कळली. देशभरच्या पाहण्यांतून पुढे जे आकडे आले ते असे: १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरले आणि शंभरात तीन उरली.

कारण काय? आधी सर्वांना वाटले की एखादा विषाणू असेल. कुणी म्हणे कीटकनाशक, कुणी म्हणे अन्न कमी झाले. पण अन्न तर जागोजागी सडत पडले होते. कोडे सुटले पाकिस्तानात. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकी पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करत होते. आतल्या अवयवांवर खडूची भुकटी पसरावी तसा पांढरा थर असे. तो यूरिक आम्लाचा थर. मूत्रपिंडे निकामी झाली की असे होते. मग त्यांनी प्रश्न उलटा विचारला. गिधाडाला काय झाले, हे बाजूला ठेवून गिधाडाने जे जनावर खाल्ले त्याला काय दिले होते, याचा शोध घेतला. उत्तर निघाले डायक्लोफेनॅक. कंबर धरली की माणसे घेतात तेच वेदनाशामक. नव्वदीच्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले होते. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हे वाचताना मी ग्रंथालयात बसलो होतो. दुपार होती. माझ्या डोळ्यांसमोर सुजलेल्या पायाचा ढवळ्या उभा राहिला, आणि त्याची दोन इंजेक्शने.

त्या सुईत काय होते ते आज कुणीच सांगू शकणार नाही. पावती नाही, बाटली नाही. पण हिशेब मी करून पाहिला. जनावर उपचारानंतर दोनेक दिवसांत मेले, तर औषधाचा अंश मांसात उरलेला असतो. गिधाडे थव्याने जेवतात, त्यामुळे एका मढ्यातून कित्येक पक्ष्यांना विषबाधा होते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. असा पक्षी वाढतो हळू. शास्त्रज्ञांनी गणित मांडले तेव्हा दिसले की हजार मढ्यांपैकी आठांहून कमी मढ्यांत घातक मात्रा असली तरी एवढी घसरण होऊ शकते. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतात गुरांच्या यकृताचे नमुने तपासले तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत हे औषध सापडले.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे आपणच मारली का रे?’ मी म्हणालो, ‘नाही आबा, तुम्ही तर बैलाचं दुखणं थांबवायला गेला होता.’ पण प्रश्न माझ्याही मनात राहिला. वाघ मारायला बंदूक लागते. गिधाडे मरायला कुणाचा द्वेष लागला नाही. हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जनावरावर केलेली माया त्यांना पुरली. मी याच विषयात पुढे काम करायचे ठरवले ते त्या रात्री.

घरी अर्थातच वादळ झाले. आई म्हणाली, ‘लोकांची पोरं कॉम्प्युटर शिकतात आणि हा मेलेली ढोरं बघायला जातो. सोयरिकीला आलेल्यांना काय सांगू?’ मी तेव्हा हसलो. पण हा विटाळ साधा नाही, तो किती खोल आहे हे मला पुढे कळले.

कामाची पद्धत अशी. कुणाचे जनावर मेले की निरोप यायचा. मी सायकलवर जायचो, जागा आणि वेळ नोंदवायचो, जवळच्या झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधायचो आणि दूर बसायचो. कोण आधी येते, किती वेळ थांबते, कोण कुणाला हुसकावते, काय उरते, हे सगळे लिहायचे. कावळे, घारी, मुंगूस यायची. रात्री कधी कोल्हा, आणि नशीब असले तर तरस. तरसाला आपण उगाच भुताच्या पंक्तीला बसवले आहे. हाडे फोडून पचवणारा तो एकटाच, म्हणून तर त्याची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते. पण दिवस-रात्र, जवळजवळ प्रत्येक फोटोत एक प्राणी ठाण मांडून असायचा, तो म्हणजे कुत्रा.

मला जुनी परिस्थिती कळायला हवी होती. कुणीतरी सांगितले, गावातल्या एका वृद्ध बाबांना विचार, लहानपणी त्यांनी ते काम केले आहे. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. मी वही-पेन घेऊन गेलो आणि उत्साहाने विचारले, ‘बाबा, ढोर टाकल्यावर किती वेळात गिधाडे यायची?’ त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, ‘तुझ्यासाठी हा अभ्यास आहे पोरा. आमच्यावर ती सक्ती होती.’

मी वही मिटली. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ही ओळ मी शाळेत परीक्षेसाठी पाठ केली होती. तिच्यामागे एक माणूस, एक दोर आणि निजामाच्या राज्यातले एक गाव आहे हे मला त्या ओसरीवर कळले. बाबांनी सांगितले, १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या घराने दोर टाकला तो टाकलाच. मी उठायला लागलो तेव्हा तेच म्हणाले, ‘बस. विचारायचं ते विचार. फक्त नाव लिहू नको.’

मग त्यांनी जे सांगितले ते मला कुठल्याच पुस्तकात मिळाले नसते. गिधाडाला वास लागत नाही, ते डोळ्याने शोधते. एक खाली वळले की मैलावरचे दुसरे त्याला पाहून वळते. कातडे जाड असलेल्या म्हशीला ते आधी हात लावत नाहीत, सोलून होईपर्यंत शेजारी बसून राहतात. रानात हरवलेला बैल मेला की जगला, ते लोक आभाळाकडे पाहून ओळखत.  हे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना ते नको असलेल्या कामातून मिळाले होते, हे मी विसरू नये असे मला वाटते. गावाची स्वच्छता दोघांनी सांभाळली, त्या पक्ष्यांनी आणि त्या माणसांनी. दोघांनाही गावाने अशुभ म्हटले.

आता प्रश्न येतो, गिधाडे गेली तर बिघडले काय? कुत्रे खातात की! इथेच खरी मेख आहे. गिधाडाच्या पोटातले आम्ल अतिशय तीव्र असते. फाशी म्हणजे अँथ्रॅक्ससारख्या रोगांचे जंतूही बहुधा त्यात टिकत नाहीत. रोगाची साखळी गिधाडाच्या पोटात संपते. मोठा थवा एक बैल तासाभरात साफ करतो. कुत्र्यांना त्याच कामाला दिवस लागतात, तोवर मढे सडते, पाणी नासते. शिवाय आयते अन्न मिळाले की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज येतो. गिधाडाला रेबीजचा फैलाव करता येत नाही.

अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडांना पूर्वी अनुकूल असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांतील मृत्यूंची त्यांनी तुलना केली. औषध येण्यापूर्वी दोन्हींकडे मृत्यूचे प्रमाण सारख्याच चालीने जात होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते चार टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली असा त्यांचा अंदाज आहे. एका पक्ष्याच्या जाण्याची ही किंमत. मुंबईत मलबार हिलवरच्या दख्म्यात पारशी समाजाला गिधाडांअभावी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे लावावी लागली, हीसुद्धा त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

उपाय झाले नाहीत असे नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ साली बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरतीच ठेवली गेली. तशीच घातक ठरलेली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधे जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. हरियाणात पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढलेली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. गडचिरोलीत आणि नाशिकच्या हरसूल भागात वनखात्याने गिधाडांसाठी खास जागा केल्या आहेत. तिथे औषधाचा अंश नसलेली मेलेली जनावरे ठेवतात. लोक त्यांना गिधाडांचे उपाहारगृह म्हणतात.

शिकत असताना एकदा मी नाशिकजवळ अंजनेरीला गेलो. आमच्यासारखाच काळा कातळ, तसेच उभे कडे. सकाळी दहाच्या सुमारास ऊन तापले आणि कड्यावरून लांब चोचीची गिधाडे एकेक करून हवेत उतरली. पंख न हलवता, गरम हवेवर तरंगत वर वर गेली. कड्यावर पांढरे ओघळ होते. या वेळी ते कुणाचे हे सरांना सांगायला माझ्याकडे पुरावा होता. चौथीत पाहिलेल्या थव्यानंतर इतक्या वर्षांनी ती आकृती आभाळात पाहिली आणि नोंद करायची सोडून मी नुसता उभा राहिलो.

फर्दापूरच्या माझ्या वहीत मात्र थव्याने राहणाऱ्या या गिधाडांसमोर शून्यच आहे. ते लिहून ठेवणे हेही काम आहे. उद्या कधी एखादे आलेच, तर ते परत आले हे त्या शून्यांमुळेच कळेल.

मित्रहो, यात आपल्या हाती काय आहे, असे मला सभांमध्ये विचारतात. माझे उत्तर लहान आहे. जनावराच्या सुजेवर, तापावर औषध आणताना पशुवैद्यकाला मेलॉक्सिकॅम आहे का विचारा. ते गिधाडांना सुरक्षित आहे हे २००६ पासून माहीत आहे आणि ते आता सहज मिळते. औषध देऊनही जनावर मेले तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. कुत्रा चावला तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

मागच्या वर्षी आमच्या गाईचा खूर दुखावला. वडील आता थकले आहेत, पण तालुक्याच्या गावी औषध आणायला स्वतःच गेले. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. वडिलांनी चष्मा लावून नाव वाचले, ती परत सरकवली आणि खिशातून मी लिहून दिलेला कागद काढून त्याच्यासमोर धरला. घरी आल्यावर मला म्हणाले, ‘गाय बरी होईल. आणि नाहीच झाली, तर निदान...’ पुढचे बोलले नाहीत. डोंगराकडे पाहत बसले.